साक्षीआधी शहानिशा : महाराष्ट्र आणि गोव्यातील ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय बिशप, फादर, पाळक आणि प्रार्थनासभांचे आयोजक,



चमत्कार न मानणाऱ्याने लिहिलेले हे पत्र नव्हे. येशू ख्रिस्त क्रुसावर मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर माझा विश्वास आहे. हे घडलेच नसेल तर आपला उपदेश आणि आपला विश्वास दोन्ही फोल, असे पौलाने करिंथच्या मंडळीला निःसंदिग्धपणे कळवले होते, आणि मला त्यात पळवाट शोधायची नाही. देव आजही हवे तेव्हा, हवे तिथे काम करू शकतो, हेही मी मानतो. म्हणूनच आपल्याकडे एक मागणी करतो आहे. वेदीवरून, सभेच्या मंचावरून, यूट्यूब चॅनेलवरून किंवा मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून एखादा चमत्कार जाहीर करण्याआधी त्याची नीट शहानिशा करा. ज्या धर्माचा सारा डोलारा काही माणसांनी दिलेल्या खऱ्या साक्षीवर उभा आहे, त्या धर्माला साक्ष स्वस्त करून चालत नाही. आज आपण ती स्वस्त करत आहोत, आणि त्याची किंमत सर्वांत दुबळी माणसे मोजत आहेत.

ज्यांना लोक सर्रास ‘चंगाई सभा’ म्हणतात, त्या आरोग्यप्रार्थनेच्या सभांमध्ये काय चालते, हे आपल्याला माहीत आहे. प्रार्थना झाली की बरे वाटणाऱ्यांना पुढे बोलावले जाते. हातात माईक येतो, कीबोर्ड हलक्या आवाजात चालूच असतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत साक्ष उरकते: गाठ गेली, साखर उतरली, गुडघा दुखायचा थांबला. सभा ‘हालेलूया’ने दुमदुमते आणि त्याच रात्री ती चित्रफीत शेकडो फोनवर पोहोचते. या सगळ्यात काही साधे प्रश्न राहून जातात. आजाराचे निदान कोणी केले होते? कोणत्या तपासणीवरून केले होते? औषधे चालू होती का? ‘गाठ गेली’ हे सोनोग्राफीत दिसले की हाताला जाणवले? तीन महिन्यांनी, वर्षाने त्या माणसाची प्रकृती कशी आहे, हे पाहायला कोणी जाते का? साक्ष देणारा बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला खरेच बरे वाटलेले असते. मात्र ‘बरे वाटले’ आणि ‘बरा झाला’ यांतले अंतर तपासणे हे त्याचे काम नाही. ती जबाबदारी त्याच्या हाती माईक देणाऱ्यांची, म्हणजे आपली आहे.

ही शहानिशा कोणा नास्तिकाने आपल्यावर लादलेली नाही, ती शुभवर्तमानातच आहे. मार्कने सांगितलेला कुष्ठरोग्याचा प्रसंग आठवा. येशूने त्याला स्पर्श केला आणि तो शुद्ध झाला. पण गावभर सांगत सूट, असे येशूने त्याला म्हटले नाही. उलट कोणाजवळ बोलू नकोस अशी ताकीद दिली आणि मोशेच्या नियमाप्रमाणे याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. हा नियम काय होता ते लेवीयच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत सविस्तर आहे. याजकाने चट्टा पाहायचा, तो कातडीपेक्षा खोल आहे का, त्यावरचे केस पांढरे झाले आहेत का, हे बघायचे. शंका असेल तर माणसाला सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा पाहायचे, गरज पडल्यास आणखी सात दिवस थांबायचे. बरे झाल्याचा दावा आला तर याजकाने वस्तीबाहेर जाऊन तो स्वतः पडताळायचा. म्हणजे लक्षणांची यादी, वाट पाहण्याची मुदत, फेरतपासणी आणि जबाबदार तपासनीस, असे सगळे त्यात आहे. ज्याच्या सामर्थ्याबद्दल आपल्या मनात तिळमात्र शंका नाही, त्याने स्वतःच आपल्या हातून झालेले कार्य तपासणीला पाठवले. मग आपल्या सभांतल्या दाव्यांना तपासणीतून सूट कोणी दिली?

पवित्र शास्त्र याच्याही एक पाऊल पुढे जाते. खूण खरोखर घडली तरी तेवढ्यावर विसंबू नका, असे ते बजावते. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात अशा संदेष्ट्याचा उल्लेख आहे ज्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरते, आणि तरीही तो लोकांना देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नका असा आदेश आहे. खोटे ख्रिस्त आणि खोटे संदेष्टे मोठी चिन्हे दाखवतील, असे येशूने स्वतः सांगून ठेवले आहे. त्याच्या नावाने अद्‍भुते केल्याचे सांगत येणाऱ्या काहींना तो ओळखही देणार नाही, हे मत्तयाच्या सातव्या अध्यायात आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने संदेशांचा धिक्कार करू नका असे सांगितले आणि लगेच सर्व गोष्टी पारखून चांगले ते धरून ठेवा असेही सांगितले. या दोन्ही सूचना एका दमात आल्या आहेत. पहिली सोडली तर विश्वास कोरडा पडतो. दुसरी सोडली तर मंडळी कोणाच्याही मागे वाहवत जाते. आपल्या सभांमध्ये पहिलीवर प्रवचने होतात, दुसरीवर फारशी होत नाहीत.

चर्चचा इतिहासही हेच सांगतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये ठरवले की, बिशपने जाणकारांच्या सल्ल्याने तपासून मान्यता दिल्याशिवाय कोणताही नवा चमत्कार स्वीकारायचा नाही. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी, जे पुढे चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले, रोगमुक्तीच्या दाव्यांसाठी कसोट्या लिहून काढल्या. आजार गंभीर असला पाहिजे. तो आपोआप उतरणीला लागलेला नसावा. उपचारांनी गुण आलेला नसावा. बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ असावे. संतपदाच्या प्रस्तावांत विरुद्ध बाजू मांडण्याचे अधिकृत काम त्यांनी स्वतः दीर्घकाळ केले होते. चमत्कारांवर विश्वास असलेल्या संस्थेने एक माणूस खास शंका काढण्यासाठी नेमावा, यात विरोधाभास नाही. मोती खरा आहे अशी ज्याची खात्री असते तोच तो जवाहिऱ्याच्या हातात निःशंक देतो.

लूर्डचे उदाहरण मराठी भाविकांच्याही परिचयाचे आहे. फ्रान्समधल्या या गावी 1858 मध्ये बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीला मरियेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. लोक तिथल्या झऱ्यावर येऊ लागले आणि बरे झाल्याच्या बातम्या पसरू लागल्या. त्या बातम्या तपासण्यासाठी 1883 पासून तिथे वैद्यकीय कार्यालय चालू आहे. बरे झाल्याचे सांगणाऱ्याची जुनी-नवी कागदपत्रे तिथे मागवली जातात. लूर्डला आलेला कोणत्याही धर्माचा किंवा कोणताही धर्म न मानणारा डॉक्टर त्या चर्चेत बसू शकतो. दावा तग धरून राहिला तर तो आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समितीकडे जातो. समिती ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारतही नाही. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचा उलगडा होत नाही, एवढेच ती म्हणू शकते. त्यापुढचा निर्णय रुग्णाच्या स्वतःच्या धर्मप्रांताच्या बिशपचा. 2008 मध्ये लूर्डची यात्रा करून आलेल्या एका फ्रेंच धर्मभगिनीची व्याधी गेली. त्या घटनेला सत्तरावा चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती 2018 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. तोपर्यंत सात हजारांहून अधिक दावे तिथे नोंदले गेले होते आणि मान्यता मिळाली होती सत्तरांना, म्हणजे सुमारे शंभरात एकाला. या आकड्यांमुळे लूर्डची यात्रा ओस पडलेली नाही. आजही दरवर्षी लाखो लोक तिथे जातात, आणि मान्यता मिळालेले थोडे दावे आदराने ऐकले जातात ते उरलेले बाजूला ठेवण्याची हिंमत दाखवल्यामुळेच.

17 मे 2024 रोजी व्हॅटिकनने अलौकिक घटनांच्या दाव्यांसाठी नवे नियम जाहीर केले आणि 1978 चे नियम मागे पडले. आता बिशपपुढे सहा प्रकारचे निष्कर्ष आहेत. त्यांतला सर्वांत अनुकूल निष्कर्षही ‘या भक्तीला हरकत नाही’ एवढ्यावरच थांबतो. घटना अलौकिक असल्याचा निर्वाळा बिशपने साधारणपणे द्यायचा नाही, असे चर्चने स्वतःवर बंधन घालून घेतले आहे. अशा दाव्यांचा उपयोग पैसा, सत्ता किंवा लोकांवर ताबा मिळवण्यासाठी होत असेल तर ती गंभीर धोक्याची खूण मानली आहे. प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याचे दान पैसे देऊन मागितले आणि पेत्राने त्याला झिडकारले, त्या प्रसंगाशी हे सुसंगतच आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना रोमचे नियम लागू नाहीत, हे मान्य. पण पौलाचे उपदेशसुद्धा शास्त्राशी ताडून पाहणारे बिरुयाचे लोक त्यांनाही आदर्श आहेत, आणि पौल प्रेषित असूनही त्या लोकांची शास्त्रात प्रशंसाच झाली आहे.

आता आपल्या मुंबईकडे येतो, कारण शहानिशा करणाऱ्याचा प्रामाणिकपणा स्वतःच्या घरात कळतो. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून मुंबईपासून दिल्लीपर्यंत देवळांपुढे रांगा लागल्या. तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी द्रवाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचे स्पष्टीकरण लगेच मान्य केले. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोक ते प्याले आणि बाटल्यांत भरून घरी घेऊन गेले. ते पाणी दूषित आहे, पिऊ नका, असे महापालिकेला सांगत फिरावे लागले, आणि तेव्हाही आपल्याला कारण पटले. मग मार्च 2012 मध्ये विलेपार्ल्याजवळ इर्ला इथल्या वेलांकनी मातेच्या चर्चबाहेरच्या क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. चर्चने तो अधिकृतपणे चमत्कार मानला नव्हता, तरी लोक ते पाणी गोळा करत होते. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेची पाहणी केली आणि तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाटेतून भिंतीमार्गे केशाकर्षणाने पाणी वर चढत असल्याचे सांगितले. तेच केशाकर्षण, जे 1995 मध्ये आपल्याला पटले होते. या वेळी मात्र काही ख्रिस्ती लोकांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत नोंदवल्या, आणि एडामारुकू त्याच वर्षी देश सोडून फिनलंडला गेले. टीव्हीवरच्या चर्चेत त्यांनी चर्चवर केलेल्या आरोपांमुळे अनेकजण दुखावले, हे खरे आहे. त्या आरोपांना उत्तर देता आले असते. पण क्रुसाखालचे पाणी कुठून येते हे शोधणारा माणूस भाविकांचे हितच करत होता, कारण ते पाणी लोकांच्या पोटात जाण्याचा धोका होता. दुसऱ्याच्या दाव्याला एक माप आणि आपल्या दाव्याला दुसरे, हे शास्त्रात बसत नाही. खोटा तराजू देवाला अमंगळ वाटतो, ही नीतिसूत्रांची शिकवण फक्त बाजारापुरती नाही.

शहानिशा कशाची करायची, तर आधी रोगाच्या स्वाभाविक वाटचालीची. कंबरदुखी, दमा, सांधेदुखी, काही मज्जाविकार यांत चढउतार असतातच. माणूस प्रार्थनेला येतो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेला त्रास बहुधा थोडा उतरतोच. गर्दी, संगीत, आशा आणि उत्तेजना यांच्या भरात वेदना काही तास बोथट होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. निदान चुकीचे असू शकते. आधीपासून चालू असलेल्या औषधाचा गुण त्याच आठवड्यात दिसू शकतो. शिवाय मंचावर येतात ते बरे वाटलेले. ज्यांना काहीच वाटले नाही ते मुकाट्याने शेवटची लोकल पकडून घरी जातात, त्यांची मोजदाद होत नाही. आणि उघड फसवणूकही असते. अमेरिकेतले प्रसिद्ध आरोग्यप्रचारक पीटर पोपॉफ अनोळखी लोकांची नावे, पत्ते आणि आजार सभेत अचूक सांगत, आणि हे ज्ञान देवाकडून मिळते असे लोकांना वाटे. 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडी यांच्या पथकाने सभेत रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा 39.17 मेगाहर्ट्झवर पोपॉफ यांच्या पत्नीचा आवाज सापडला. लोकांनी आधी भरून दिलेल्या प्रार्थनापत्रिकांतील माहिती त्या पतीच्या कानातल्या यंत्रात सांगत होत्या. हे एका अश्रद्ध जादूगाराने उघड केले. खरे तर हे काम पोपॉफ यांच्या शेजारी बसणाऱ्या पाळकांचे होते. आपल्या कळपाची राखण आपण केली नाही तर ती दुसरे कोणी करते, आणि मग आपल्याला त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की देवाची परीक्षा पाहू नये, देव प्रयोगशाळेत बसत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. 2006 मध्ये अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी ठरवून प्रार्थना केली. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्के आणि न झालेल्या गटात 51 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना नक्की होते आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के निघाले. प्रार्थना निरर्थक असते, असे यातून मी म्हणणार नाही. प्रार्थना म्हणजे बापाशी बोलणे, आणि बाप आकडेवारीला बांधील नाही. पण बटण दाबले की ठरलेला परिणाम मिळतो असे सांगून प्रार्थना लोकांपुढे मांडणाऱ्यांनी या आकड्यांपुढे थांबून विचार केला पाहिजे. ‘अमुक तारखेला या, आजार जाईल’ असा फलक लावणे म्हणजेच देवाची परीक्षा पाहणे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलेल, असे येशूला कोणी सुचवले ते आपण जाणतो. मी मागतो ती शहानिशा देवाची नाही. माणसाच्या तोंडून आलेल्या विधानाची आहे. या दोहोंत गल्लत केली की माणसाच्या चुकीला देवाचे संरक्षण मिळते.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो. साध्याभोळ्या लोकांचा विश्वास का डळमळवायचा? न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असे प्रभूनेच थोमाला म्हटले ना? पण थोमाला त्याने मंडळीबाहेर काढले नाही, जखमा पुढे केल्या. आणि न पाहता ज्यावर विश्वास ठेवायचा ती त्यासाठी जीव देणाऱ्या प्रेषितांची साक्ष आहे, रात्री अकराला फॉरवर्ड झालेली चित्रफीत नव्हे. साध्या माणसांची काळजी असेल तर जे बरे झाले नाहीत त्यांच्याकडे आधी पाहा. कॅन्सर गेल्याच्या साक्षी ऐकून आलेल्या बाईचा कॅन्सर जात नाही, तेव्हा तिला काय सांगितले जाते? विश्वास कमी पडला, घरात काही पाप असेल. आजाराच्या ओझ्यावर अपराधाचे ओझे चढते. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते, आणि देवाचा कोप त्या मित्रांवर झाला. जन्मांध माणसाविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने तो प्रश्नच नाकारला. पौलाने शरीरातील काटा काढावा म्हणून तीनदा विनवले, तो निघाला नाही. त्याने त्रफिमाला मिलेत इथे आजारीच सोडले, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि त्याच्या सोबत्यांत लूक नावाचा वैद्य होता. पौलाच्या हातून अद्‍भुते झाल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तरी जवळच्या माणसांचे आजारपण त्याने लपवले नाही, आणि त्यासाठी कोणाच्या विश्वासाला दोषही दिला नाही. असा प्रामाणिकपणा विश्वासाला मारत नाही, आजारी माणसाच्या उशाशी टिकणारा विश्वास देतो.

तिसरा आक्षेप समोरच्या बाजूचा आहे. शहानिशा करायचीच, तर चमत्कार ही कल्पनाच का सोडत नाही, असे विवेकवादी मित्र विचारतील. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1748 मध्ये मांडले की चमत्काराची साक्ष खोटी असणे हे त्या चमत्काराहूनही अद्‍भुत ठरेल, तेव्हाच ती साक्ष मानावी. इशारा म्हणून हा युक्तिवाद मला मोलाचा वाटतो. साक्षीदार चुकला असण्याची शक्यता आधी तपासा, हे लाम्बेर्तिनी यांच्या कसोट्यांतही आहे. पण त्यातून कोणतीच साक्ष कधीच पुरेशी होणार नाही असा नियम काढला, तर तपासणीआधीच निकाल लागतो. निसर्गाचे नियम निसर्ग साधारणतः कसा चालतो हे सांगतात. त्याच्या कर्त्याने काय करू नये, हे सांगणे त्यांच्या कक्षेत येत नाही. ज्याचा उलगडा होत नाही असे काही उरले, तर श्रद्धावान त्याला देवाचे कार्य म्हणू शकतो, आणि अश्रद्ध माणूस ‘अजून उलगडा नाही’ म्हणून थांबू शकतो. इथे दोघांत प्रामाणिक मतभेद राहील. पण तिथे पोहोचेपर्यंतची वाट दोघांची एकच आहे: कागदपत्रे, साक्षीदार, मुदत, फेरतपासणी. त्या वाटेवर आपण त्यांच्यासोबत चालू शकतो.

याला जोडूनच एक अडचणीचा प्रश्न आहे. तपासणी केली तरी वाद मिटतात का? नेहमी मिटत नाहीत. मदर तेरेसा यांच्या धन्यपदासाठी 1998 मधली पश्चिम बंगालच्या एका आदिवासी स्त्रीची रोगमुक्ती चमत्कार म्हणून स्वीकारली गेली आणि ऑक्टोबर 2003 मध्ये धन्यपद जाहीर झाले. व्हॅटिकनच्या वैद्यकीय मंडळाला तिचे स्पष्टीकरण सापडले नव्हते. मात्र त्या स्त्रीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितले की तिला क्षयाची औषधे चालू होती आणि गुण त्यांनीच आला. हा वाद आजही जिवंत आहे. यातून तपासणी व्यर्थ असल्याचा निष्कर्ष काढू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे आणि सगळी कागदपत्रे लोकांपुढे खुली असली पाहिजेत, हा धडा यातून घ्यायचा. मदर तेरेसांच्या सेवेची थोरवी त्या एका रोगमुक्तीवर अवलंबून नव्हती आणि नाही. म्हणूनच त्या रोगमुक्तीविषयी अवघड प्रश्न ऐकून घेण्याची आपल्याला भीती वाटू नये.

शेवटचा आक्षेप भीतीतून येतो, आणि ती भीती खोटी नाही. आज प्रार्थनासभांवर हल्ले होतात, आजाऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेलाही आमिष ठरवले जाते. आसामने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘जादुई उपचारां’विरुद्ध कायदा केला, तेव्हा आजाऱ्यासाठी प्रार्थना ही करुणा आहे, जादू नव्हे, असे तिथल्या ख्रिस्ती नेत्यांनी ठासून सांगितले, आणि ते बरोबरच होते. अशा काळात स्वतःकडे बोट दाखवून विरोधकांच्या हाती कोलीत का द्यायचे? माझे उत्तर असे की कोलीत आपण आधीच दिले आहे, तपासल्याशिवाय जाहीर केलेल्या प्रत्येक साक्षीतून. करुणा आणि जादू यांतला फरक आपल्या वागण्यात दिसला तरच आपला युक्तिवाद टिकेल. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याने प्रार्थना आणि उपासना यांना हात लावलेला नाही. तथाकथित चमत्कारांच्या आधारे पैसा मिळवणे आणि फसवणे हे गुन्हे आहेत. 1954 च्या केंद्रीय कायद्याने तर कर्करोग, मधुमेह, अपस्मार अशा आजारांवरच्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर बंदी घातलेली आहे. यातले काहीही ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध नाही. जे कायद्याने करायला लावण्याआधी आपण स्वखुशीने केले, त्यातच आपली साक्ष आहे.

आणि आपल्याकडे आरोग्यसेवेचा फार मोठा वारसा आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभे केलेले मिशन रुग्णालय आणि 1970 पासून जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी घडवलेल्या, आपापल्या गावात बाळंतपणे सुखरूप करणाऱ्या आरोग्यसेविका, ही मराठी मुलखातली ख्रिस्ती सेवाच आहे. प्रार्थना करणारी माणसे तिथे रक्तदाबही मोजत होती. प्रार्थना आणि औषध यांत निवड करायला लावणारा कोणीही या परंपरेचा नाही.

म्हणून आपल्याला चार गोष्टींची विनंती करतो. एक, आजार बरा झाल्याची कोणतीही साक्ष आधीचे आणि नंतरचे वैद्यकीय कागद पाहिल्याशिवाय आणि ठरावीक मुदत गेल्याशिवाय जाहीर करू नका. प्रत्येक धर्मप्रांताने आणि मंडळीने यासाठी डॉक्टरांची छोटी समिती नेमावी, आणि तिच्यात निदान एक डॉक्टर मंडळीबाहेरचा असावा. दोन, प्रत्येक आरोग्यप्रार्थनेच्या सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट शब्दांत सांगा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही गोळी, इन्शुलिन किंवा केमोथेरपी बंद करायची नाही, आणि बरे न होणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. तीन, तपासणीत जो दावा टिकला नाही, तो ज्या मंचावरून केला होता त्याच मंचावरून मागे घ्या. चार, आपल्या दाव्यांवर प्रश्न विचारणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत जाऊ नका. त्यांना कागद दाखवा.

असे केले तर साक्षी कमी होतील, सभांची गर्दीही कदाचित ओसरेल. पण ज्या थोड्या साक्षी उरतील, त्या ऐकणाऱ्याला विचार करायला लावतील, आणि पुनरुत्थानाची बातमी सांगायला आपण उभे राहू तेव्हा ‘हे लोक शहानिशा करून बोलतात’ एवढा भरवसा समोरच्याला असेल. त्या भरवशाशिवाय आपल्या सुवार्तेचे ऐकून घ्यायला कोणी बांधील नाही. तो कमावणे आपल्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात पुढच्या रविवारच्या उपासनेपासून होऊ शकते.

आपला,
मंडळीतील एक सभासद